टॅब्लेटवरील चित्रे का अडखळतात?

टॅब्लेटवर नकाशा सरकवताना, छायाचित्रांचा संग्रह चाळताना किंवा एखादा गेम खेळताना पडद्यावरील चित्र मध्येच अडखळते, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. यंत्र जुने झाले, असा निष्कर्ष काढून नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा यंत्राची क्षमता पुरेशी असते. ती कशी खर्च करायची याचा हिशेब ॲप तयार करणाऱ्याने मांडलेला नसतो. हा हिशेब कसा मांडला जातो, टॅब्लेटवरील चित्रांकन टेबलावरच्या संगणकापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे असते आणि त्याची गती वाढवण्याचे रुळलेले मार्ग कोणते, याचा हा आढावा.

मुदत १६.७ मिलिसेकंदांची

पडद्यावर हलताना दिसणारे प्रत्येक दृश्य म्हणजे चित्रपटाप्रमाणेच एकापाठोपाठ एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची मालिका असते. यातील एका चित्राला फ्रेम म्हणतात. बहुसंख्य टॅब्लेटचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजेच एक फ्रेम तयार करण्यासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची मुदत मिळते. बोटाचा स्पर्श वाचणे, कोणती वस्तू कोठे दाखवायची हे ठरवणे, तसे आदेश ग्राफिक्स प्रोसेसरला देणे आणि त्याने प्रत्येक ठिपक्याचा रंग काढणे, ही सारी कामे या मुदतीत व्हावी लागतात.

मुदत थोडक्यात हुकली तरी तिची किंमत मोठी असते. पडदा ठरलेल्या ठोक्यालाच चित्र बदलतो. एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांनी तयार झाली, तर तिला पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते आणि आधीचेच चित्र ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते. सलग असे घडत राहिले, तर सेकंदाला ६० फ्रेमचा वेग एकदम ३० वर येऊ शकतो. अधूनमधून घडले तर डोळ्यांना तो झटका जाणवतो. ॲपलने २०१७ मध्ये आयपॅड प्रोमध्ये सेकंदाला १२० वेळा बदलणारा पडदा आणला, तेव्हा ही मुदत आणखी निम्म्यावर, म्हणजे ८.३ मिलिसेकंदांवर आली.

या अडखळण्यावर उपाय म्हणून गूगलने २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या ४.१ या आवृत्तीत 'प्रोजेक्ट बटर' नावाने काही बदल केले. लोण्यासारखी सहज हालचाल, हा त्यामागील उद्देश होता. चित्रांकनाची सुरुवात पडद्याच्या ठोक्याशी जुळवणे, दोनऐवजी तीन फ्रेमसाठी जागा राखणे आणि स्पर्श होताच प्रोसेसरचा वेग वाढवणे, असे त्याचे स्वरूप होते. मात्र, कार्यप्रणालीने कितीही सोय केली, तरी ॲपने स्वतःच्या फ्रेमवर किती काम लादावे, यावर तिचे नियंत्रण नसते.

२०१२ च्या आयपॅडचा धडा

पडदा आणि ग्राफिक्सची क्षमता यांचे नाते समजून घेण्यासाठी तिसऱ्या पिढीतील आयपॅडचे उदाहरण आजही उपयुक्त आहे. २०१० चा पहिला आयपॅड आणि २०११ चा आयपॅड २, या दोहोंच्या पडद्यावर १,०२४ बाय ७६८ पिक्सेल, म्हणजे एकूण ७ लाख ८६ हजार ४३२ ठिपके होते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या आयपॅडमध्ये दोन्ही बाजूंची संख्या दुप्पट होऊन ती २,०४८ बाय १,५३६ झाली. एकूण ठिपके चौपट, म्हणजे ३१ लाख ४५ हजार ७२८ झाले.

ग्राफिक्स प्रोसेसर मात्र चौपट झाला नाही. आयपॅड २ मध्ये पॉवरव्हीआर जातीचे दोन गाभे होते. नव्या ए५एक्स चिपमध्ये त्याच जातीचे चार गाभे बसवण्यात आले. काम चौपट आणि काम करणारे हात दुप्पट, असा हा व्यवहार होता. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला येणारी ताकद निम्म्यावर आली. जुन्या आयपॅडवर सुरळीत चालणारा एखादा गेम नव्या पडद्याच्या पूर्ण तपशिलात चालवला, की तो मंदावण्याची शक्यता होती.

याचे परिणाम यंत्राच्या इतर भागांवरही झाले. बॅटरीची क्षमता २५ वॉट-तासांवरून ४२.५ वॉट-तासांवर न्यावी लागली. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक-नियतकालिकाने चार्जर जोडून ग्राफिक्सप्रधान गेम चालवला, तेव्हा यंत्राच्या पृष्ठभागाचे तापमान ११६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याची नोंद केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने चौथा आयपॅड बाजारात आणला. त्यातील ए६एक्स चिपची ग्राफिक्स-क्षमता आधीच्या दुपटीपर्यंत असल्याचा कंपनीचा दावा होता. पडदा तोच आणि ताकद दुप्पट, असे झाल्यावर बिघडलेले प्रमाण पूर्ववत झाले.

पडद्याची स्पष्टता वाढली की चित्रांकनाचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, हा या प्रकरणाचा बोध. म्हणूनच अनेक गेम पडद्याच्या पूर्ण तपशिलाऐवजी कमी तपशिलात दृश्य तयार करतात आणि मग ते ताणून पडदाभर दाखवतात. लांबी आणि रुंदी ७५ टक्के ठेवली, तर रंगवायचे ठिपके ५६ टक्क्यांवर येतात. अक्षरे आणि बटणे मात्र पूर्ण तपशिलातच रंगवली जातात, कारण तेथील धूसरपणा लगेच डोळ्यांत भरतो. हलत्या दृश्यातील किंचित धूसरपणा सहसा जाणवत नाही.

आधी मोजमाप, मग दुरुस्ती

गती वाढवण्याच्या कामात सर्वांत महाग पडते ती अंदाजाने केलेली दुरुस्ती. अडचण मुख्य प्रोसेसरमध्ये असताना चित्रांचा दर्जा कमी केला, तर दृश्य बिघडते आणि गती तेवढीच राहते. त्यामुळे नेमका अडसर कोठे आहे, हे आधी शोधावे लागते.

त्यासाठी काही सोप्या चाचण्या आहेत. दृश्याचा तपशील तात्पुरता निम्मा करून पाहावा. गती वाढली तर ठिपके रंगवण्याचे काम जड आहे. सर्व चित्रांच्या जागी एकेका पिक्सेलची चित्रे ठेवून पाहावी. गती वाढली तर मेमरीतून चित्रे आणण्याचा भार अधिक आहे. दोन्हींमुळे फरक पडला नाही, तर मुख्य प्रोसेसरवरील काम किंवा ग्राफिक्स प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या आदेशांची संख्या तपासावी. वस्तूंच्या आकारातील त्रिकोणांची संख्या कमी केल्यावर फरक पडला, तर आकारच गरजेपेक्षा गुंतागुंतीचे आहेत.

मोजमाप सेकंदाला किती फ्रेम यात न करता एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात, यात करणे अधिक योग्य ठरते. ६० वरून ५५ फ्रेमवर घसरण म्हणजे दीड मिलिसेकंदाची वाढ. ३० वरून २८ वर घसरण म्हणजे जवळपास २.४ मिलिसेकंदांची वाढ. आकड्यात लहान दिसणारी दुसरी घसरण प्रत्यक्षात मोठी असते. सरासरीवर विसंबून चालत नाही, तेही याच कारणाने. शंभर फ्रेमपैकी ९५ वेळेत आल्या आणि पाच रखडल्या, तर सरासरी उत्तम दिसते आणि वापरणाऱ्याच्या लक्षात राहतात त्या रखडलेल्या पाचच. म्हणून सर्वांत मंद फ्रेमची यादी स्वतंत्रपणे पाहण्याची पद्धत आहे.

आयपॅडसाठी ॲपलच्या एक्सकोडमधील इन्स्ट्रुमेंट्स, अँड्रॉइडसाठी पर्फेटो आणि चिप-उत्पादकांची स्वतःची साधने, यांत ही माहिती मिळते. चाचणी प्रत्यक्ष टॅब्लेटवरच घ्यावी लागते. संगणकावरील आभासी टॅब्लेटमध्ये मेमरी, प्रोसेसर आणि थंडावा हे सारेच संगणकाचे असल्याने तेथील आकड्यांना गतीच्या दृष्टीने अर्थ नसतो.

टाइलची पद्धत

टॅब्लेट म्हणजे छोटा संगणक, हे समीकरण ग्राफिक्सच्या बाबतीत फसवे आहे. गेमसाठी घेतलेल्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी, पंखा आणि भिंतीतून येणारी वीज असते. टॅब्लेटमध्ये मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर एकाच मेमरीवर काम करतात, बहुतेकांत पंखा नसतो आणि वीज बॅटरीतून येते. शिवाय मेमरीशी होणारी ने-आण विजेच्या दृष्टीने महाग असते. चिपच्या आत एखादे गणित करण्यापेक्षा बाहेरच्या मेमरीतून आकडा आणण्यास कितीतरी अधिक ऊर्जा लागते.

ही ने-आण टाळण्यासाठी बहुतेक मोबाइल ग्राफिक्स प्रोसेसर टाइलच्या पद्धतीने काम करतात. ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजचे पॉवरव्हीआर, आर्मचे माली आणि क्वालकॉमचे ॲड्रिनो ही त्यातील प्रमुख नावे. फरशी बसवणारा जसा खोलीचे चौकोन पाडून एकेक पुरा करतो, तसा हा प्रोसेसर पडद्याचे छोटे चौकोन पाडतो. एका चौकोनात कोणते त्रिकोण येतात याची यादी आधी तयार होते. मग तो चौकोन चिपमधील लहानशा वेगवान मेमरीत पूर्ण रंगवला जातो आणि तयार झाल्यावर एकदाच बाहेरच्या मेमरीत लिहिला जातो. चौकोन ३२ बाय ३२ पिक्सेलचा धरला, तर २,०४८ बाय १,५३६ च्या पडद्यावर असे ३,०७२ चौकोन होतात.

ही पद्धत माहीत नसलेले ॲप तिचा फायदा घालवून बसते. फ्रेमच्या सुरुवातीला जुने चित्र पुसून टाकण्याचा आदेश दिला नाही, तर प्रोसेसर आधीच्या फ्रेमचे ठिपके प्रत्येक चौकोनात परत आणून ठेवतो. ते लागणार आहेत की नाहीत, हे त्याला कळायला मार्ग नसतो. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, याची नोंद ठेवणाऱ्या खोलीच्या माहितीचेही तसेच. फ्रेम संपल्यावर तिचा बहुधा उपयोग नसतो. परंतु टाकून देण्यास सांगितले नाही, तर तीही बाहेर लिहिली जाते. वरील पडद्यावर एका ठिपक्यामागे चार बाइट धरल्यास ही माहिती १२ मेगाबाइट होते. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ७२० मेगाबाइट, आणि तेही निव्वळ व्यर्थ. आदेशाच्या एक-दोन ओळींनी वाचणारा हा खर्च आहे.

एका फ्रेमच्या मध्येच दुसऱ्या चित्रावर काम सुरू करून पुन्हा पहिल्याकडे वळणे, हीदेखील अशीच महाग सवय. प्रत्येक वळणाला अर्धवट चौकोन बाहेर लिहावे आणि परत आणावे लागतात. सावली, प्रतिबिंब अशी पूरक चित्रे आधी एकत्र उरकून मुख्य दृश्य सलग रंगवणे हा त्यावरील उपाय.

एकाच ठिपक्यावर पुन्हा पुन्हा रंग

सेकंदाला ६० फ्रेम आणि फ्रेमला ३१ लाखांहून अधिक ठिपके म्हणजे सेकंदाला १८ कोटी ८७ लाख ठिपके. हा हिशेब प्रत्येक ठिपका एकदाच रंगवला असे धरून झाला. पार्श्वभूमी, तिच्यावर पट्टी, पट्टीवर अर्धपारदर्शक पडदा आणि त्यावर मजकूर, असे थर चढत गेले, की तोच ठिपका तीन-चार वेळा रंगवला जातो. सरासरी तीन थर धरले, तरी संख्या ५६ कोटींच्या पुढे जाते. पूर्ण झाकल्या गेलेल्या थरावर केलेला खर्च तर कोणाला दिसतही नाही.

अँड्रॉइड यंत्राच्या विकसकांसाठीच्या सेटिंगमध्ये हा अपव्यय रंगांनी दाखवण्याची सोय आहे. जेथे एक जादा थर आहे तेथे निळा, दोन असतील तेथे हिरवा, तीन असतील तेथे गुलाबी आणि चार किंवा अधिक असतील तेथे लाल रंग दिसतो. पडदाभर लाली पसरलेली दिसली, की ॲपची मांडणी तपासण्याची वेळ आली असे समजावे. अनेकदा खिडकीला, तिच्यातील चौकटीला आणि चौकटीतील यादीला अशी एकाच रंगाची पार्श्वभूमी तीनदा दिलेली आढळते. त्यातील दोन काढून टाकल्या, तरी दिसण्यात काडीचाही फरक पडत नाही.

अपारदर्शक वस्तू जवळून दूर या क्रमाने रंगवल्या, तर मागच्या झाकलेल्या भागाचे काम प्रोसेसर टाळू शकतो. पॉवरव्हीआर जातीचे प्रोसेसर तर झाकलेले ठिपके स्वतःच ओळखून गाळतात. पारदर्शक वस्तूंना ही सवलत मिळत नाही; त्या दुरून जवळ याच क्रमाने रंगवाव्या लागतात. म्हणून पारदर्शकता जपून वापरणे इष्ट. गोल चेंडूचे चित्र चौकोनी तुकड्यावर काढले, तर कोपऱ्यांतील सुमारे २१ टक्के ठिपके पूर्ण पारदर्शक असूनही त्यांच्यावर काम होते. चौकोनाऐवजी चेंडूला लगटून बसणारा अष्टकोन वापरला, तर त्रिकोण थोडे वाढतात आणि ठिपके बरेच वाचतात.

चित्रांचे वजन

वस्तूंवर चढवलेल्या चित्रांना टेक्स्चर म्हणतात. १,०२४ बाय १,०२४ पिक्सेलचे एक टेक्स्चर कोणतीही घडी न घालता ठेवले, तर मेमरीत चार मेगाबाइट जागा घेते. पीएनजी किंवा जेपीईजी स्वरूपात फाइल लहान असली, तरी वापरण्यापूर्वी ती उलगडावी लागते आणि मेमरीत ती पूर्ण आकारानेच बसते, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

ग्राफिक्स प्रोसेसरला न उलगडता थेट वाचता येईल, अशी दाबलेली स्वरूपे वेगळी असतात. जुन्या आयपॅडवर पीव्हीआरटीसी हे स्वरूप चाले. त्यात हेच टेक्स्चर ५१२ किलोबाइटमध्ये मावते. अँड्रॉइडवर ईटीसी१ सर्वत्र चालत असे, मात्र त्यात पारदर्शकतेची सोय नव्हती. ती २०१२ मध्ये ओपनजीएल ईएस ३.० सोबत आलेल्या ईटीसी२ मध्ये झाली. आज नव्या कामासाठी एएसटीसी हे स्वरूप प्रथम विचारात घेतले जाते. त्यात दर्जा आणि आकार यांचे प्रमाण निवडता येते. चार बाय चारच्या ठोकळ्यात वरील टेक्स्चर एक मेगाबाइट होते, तर आठ बाय आठच्या ठोकळ्यात ते केवळ २५६ किलोबाइट होते. चेहरे आणि अक्षरे यांसाठी पहिले, आकाश आणि जमीन यांसाठी दुसरे, अशी विभागणी करता येते.

दूरच्या वस्तूंसाठी टेक्स्चरच्या निम्म्या, चतकोर अशा उतरत्या आकाराच्या प्रती आधीच बनवून ठेवण्यालाही फार महत्त्व आहे. त्यासाठी एकतृतीयांश जागा जादा लागते. मात्र, लहान दिसणाऱ्या वस्तूसाठी मोठे चित्र वाचण्याचा भार वाचतो आणि दूरच्या दृश्यातील चमचमही थांबते. जागा वाढवून गती मिळवण्याचा हा व्यवहार बहुधा फायद्याचाच ठरतो.

आदेशांची गर्दी

एखादी वस्तू रंगवण्यासाठी मुख्य प्रोसेसर ग्राफिक्स प्रोसेसरला आदेश देतो. प्रत्येक आदेशाबरोबर तपासणी, रूपांतर आणि नोंदी यांचे काम येते. हजार झाडांसाठी हजार आदेश दिले, तर ग्राफिक्स प्रोसेसर रिकामा बसतो आणि मुख्य प्रोसेसर कागदपत्रांतच अडकतो. यावरील उपाय एकत्रीकरणाचा आहे. अनेक लहान चित्रे एका मोठ्या चित्रात बसवावी, सारख्या वस्तू एकत्र कराव्या आणि एकाच आदेशात अनेक प्रती काढण्याची सोय वापरावी.

ॲपलने २०१४ मध्ये मेटल आणि ख्रोनोस या उद्योगसमूहांच्या संघटनेने २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी व्यवस्था आणली, तीही मुख्यतः हा भार कमी करण्यासाठी. ॲपलने २०१८ पासून ओपनजीएल ईएसला कालबाह्य ठरवले आहे. मात्र, नव्या व्यवस्थेकडे वळल्याने सर्व दोष आपोआप दूर होतात, हा समज चुकीचा आहे. थरांचा अपव्यय आणि जड टेक्स्चर कोणत्याही व्यवस्थेत जडच राहतात.

शेडरमधील काटकसर

प्रत्येक ठिपक्याचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात. तो फ्रेमला लाखो वेळा चालतो. त्यामुळे त्यातील एक अनावश्यक गुणाकारही महाग पडतो. जे गणित त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर करून भागते, ते प्रत्येक ठिपक्यावर करू नये, हा पहिला नियम. न बदलणाऱ्या प्रकाशाचा हिशेब आधीच करून चित्रातच साठवून ठेवावा, हा दुसरा.

आकड्यांच्या अचूकतेचाही विचार करावा लागतो. अनेक मोबाइल प्रोसेसर १६ बिटांचे गणित ३२ बिटांपेक्षा वेगाने आणि कमी विजेत करतात. रंगासाठी १६ बिट सहसा पुरतात. स्थानासाठी मात्र सावध राहावे लागते. १६ बिटांच्या दशांश आकड्यात २,०४८ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक नेमका मांडता येत नाही. मोठ्या पडद्यावर ठिपक्यांत मोजलेले स्थान या अचूकतेत ठेवले, तर चित्र एका बाजूला थरथरते किंवा दातेरी दिसते. लहान पडद्याच्या फोनवर न आढळलेला दोष टॅब्लेटवर दिसू लागतो, त्यामागे कधी कधी हे कारण असते.

गेम नसलेली ॲप

अडखळणे ही केवळ गेमची तक्रार नाही. छायाचित्रांची यादी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ४,००० बाय ३,००० पिक्सेलचे एक छायाचित्र उलगडल्यावर मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट व्यापते. ते २०० बाय १५० पिक्सेलच्या चौकटीत दाखवायचे असेल, तर १ लाख २० हजार बाइट पुरेसे असतात. मोठे छायाचित्र जसेच्या तसे उलगडून मग लहान दाखवणारे ॲप चारशेपट मेमरी खर्च करते. वाचतानाच लहान आकारात उलगडणे, तेही बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणाऱ्या मुख्य धाग्यावर न करता पार्श्वभूमीत करणे, एवढ्याने यादी सुरळीत सरकू लागते.

आयपॅडवरील गोलाकार कोपरे आणि मऊ सावल्या यांचाही खर्च असतो. सावलीचा आकार आधी सांगितला नसेल, तर प्रणालीला तो वस्तूच्या ठिपक्यांवरून वेगळ्या चित्रात काढावा लागतो. आकार आधीच सांगून ठेवल्यास हे काम टळते. अँड्रॉइडवर यादी सरकत असताना दर ओळीला नव्या वस्तू निर्माण केल्या, तर मेमरीची साफसफाई वारंवार होते आणि तेवढा वेळ फ्रेममधून जातो. पडद्याबाहेर गेलेल्या ओळीच पुन्हा वापरणे, ही तेथील प्रस्थापित रीत आहे.

देवनागरीचा वेगळा खर्च

मराठी ॲपना आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे लागते. रोमन लिपीत एका अक्षरापुढे दुसरे ठेवले की शब्द तयार होतो. देवनागरीत तसे नाही. 'कि' लिहिताना मेमरीत आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते, तर पडद्यावर वेलांटी आधी यावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरांची रूपे बदलतात. ही जुळणी करणाऱ्या स्वतंत्र प्रणाली असतात; अँड्रॉइडमध्ये हार्फबझ ही मुक्त प्रणाली ते काम करते. मजकूर बदललेला नसताना प्रत्येक फ्रेमला ही जुळणी नव्याने करणे, हा शुद्ध अपव्यय होय. एकदा जुळवलेला परिच्छेद तसाच जपून ठेवणे श्रेयस्कर.

गेममध्ये अक्षरांचे एक तयार चित्र ठेवून त्यातून एकेक अक्षर उचलण्याची पद्धत असते. इंग्रजीला त्यासाठी शंभरेक आकृत्या पुरतात; देवनागरीला जोडाक्षरे धरून शेकडो लागतात. जुळणीची सोय नसलेल्या साधनांत वेलांट्या भलत्या ठिकाणी पडतात. त्यावर तोडगा म्हणून संपूर्ण मजकूर चित्ररूपात ठेवला जातो. पडदाभर मजकुराचे असे एक पान उलगडल्यावर १२ मेगाबाइट होते, त्यात शोध घेता येत नाही आणि अंध वाचकांना ते ऐकवता येत नाही. योग्य जुळणी एकदा करून तिचा परिणाम साठवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

वीस मिनिटांनंतरची गती

टॅब्लेटची खरी परीक्षा पहिल्या मिनिटाला होत नाही. पूर्ण क्षमतेने काम सुरू झाले की चिप तापते. पंखा नसल्याने उष्णता काचेतून आणि पाठीतूनच बाहेर जाते. तापमान मर्यादेपलीकडे जाऊ लागले, की यंत्र स्वतःचा वेग कमी करते. पहिल्या मिनिटाला ६० फ्रेम देणारा गेम काही वेळाने ४० वर येतो, तो या कारणाने. उन्हाळ्यात, जाड आवरणात किंवा चार्जर जोडलेला असताना हे लवकर घडते.

म्हणून चाचणी किमान वीस मिनिटे सलग घेणे उचित. ४५ ते ६० च्या दरम्यान हेलकावे खाणाऱ्या गतीपेक्षा स्थिर ३० फ्रेम डोळ्यांना अधिक सुखद वाटतात आणि बॅटरीही टिकते. आयपॅड आणि अँड्रॉइड या दोन्ही प्रणाली यंत्र किती तापले आहे, याची सूचना ॲपला देतात. ती मिळताच सावल्यांचा दर्जा उतरवणे, दृश्याचा तपशील कमी करणे असे बदल ॲपने स्वतः केले, तर प्रणालीला सक्तीने वेग तोडावा लागत नाही. पडद्यावर काहीच हलत नसताना तर नवी फ्रेम काढण्याचेही कारण नसते. तरीही तेच चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवत राहणारी ॲप आढळतात.

साध्या यंत्राचा विचार

ऑक्टोबर २०११ मध्ये भारतात विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट जाहीर झाला. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० पिक्सेल, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट मेमरी, असे त्याचे स्वरूप होते. संथपणाबद्दल त्यावर टीका झाली. आजचे स्वस्त टॅब्लेटही त्याच्या कितीतरी पुढे आहेत. मूळ प्रश्न मात्र बदललेला नाही. ॲप तयार होते ते महागड्या यंत्रावर आणि वापरले जाते ते साध्या यंत्रावर. धडा उघडायला वेळ लागला, आकृती अडखळली, की मुलाचे लक्ष उडते आणि दोष मात्र मुलाच्या चंचलपणाला दिला जातो. चांगल्या स्थितीतील यंत्र केवळ संथ वाटते म्हणून टाकून दिले जाते, त्याचा भुर्दंड घराच्या अंदाजपत्रकाला आणि कचऱ्याच्या डोंगराला बसतो.

त्यामुळे ज्या सर्वांत साध्या यंत्रावर ॲप चालायला हवे, ते पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवणे, ही शिस्त महत्त्वाची मानली जाते. शेवटच्या आठवड्यात गती वाढवण्याचा खटाटोप बहुधा दर्जा उतरवण्यातच संपतो. सुरुवातीपासून प्रत्येक कामाला मिलिसेकंदांचा वाटा ठरवून दिला, तर तशी वेळ येत नाही.

थोडक्यात

• गती मिलिसेकंदांत मोजावी. सरासरीबरोबर सर्वांत मंद फ्रेमही पाहाव्या.
• अडसर मुख्य प्रोसेसरमध्ये, ठिपक्यांमध्ये की मेमरीत, हे ठरल्याशिवाय दुरुस्ती करू नये.
• फ्रेमच्या सुरुवातीला जुने चित्र पुसावे. शेवटी नको असलेली माहिती टाकून द्यावी.
• झाकले जाणारे थर काढावेत, पारदर्शकता मोजकीच ठेवावी.
• टेक्स्चर दाबलेल्या स्वरूपात आणि उतरत्या आकाराच्या प्रतींसह ठेवावीत.
• लहान आदेश एकत्र करावेत.
• छायाचित्रे जेवढी दाखवायची तेवढ्याच आकारात उलगडावीत.
• देवनागरी मजकुराची जुळणी एकदाच करून साठवावी.
• चाचणी प्रत्यक्ष, साध्या आणि तापलेल्या यंत्रावर घ्यावी.